जुन्या कपड्यांतून आपली शैली: खान्देशातल्या नवख्यांसाठी

मला कपडे फार आवडतात. आमच्याकडे मुलीनं हे मोकळेपणानं म्हणायला वेळ लागतो, कारण ऐकणारा लगेच "लई फॅशन सुचतेय" म्हणून मोकळा होतो. पण आवड आहे ती आहे. मी अमळनेरची. आजोबा प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. घरात कुठलंही कापड आलं की ते आधी त्यांच्या हातात जायचं. अंगठा आणि तर्जनीत धरून ते चोळायचे, मग ओट्यावर नेऊन उन्हासमोर धरायचे. तोवर बाकीच्यांनी मत द्यायचं नाही. आजीचं म्हणणं एका ओळीचं असायचं: "पोर, कापडले हात लाव, मंग भाव इचार."

कॉलेजसाठी जळगावला आले तेव्हा पैसे बेताचे होते आणि डोळे मात्र फुले मार्केटच्या प्रत्येक दुकानावर. तेव्हापासून गेली नऊ वर्षं माझे निम्म्याहून जास्त कपडे जुने आहेत. काही आजीचे, काही आत्याचे, काही बाजारातल्या ढिगातून काढलेले. पहिली दोन वर्षं नुसत्या चुकांत गेली. मुंबई-पुण्याच्या मुलींना रस्त्यावरच्या बाजाराची माहिती सहज मिळते. शहादा, चोपडा, पाचोरा, साक्री इथं राहून सुरुवात कुठून करायची, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आधी आपलं कपाट

बाजारात जायच्या आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज काय घातलं, दिवसभर त्यात कसं वाटलं, एवढंच लिहा. "काखेत काचतं", "ओढणी सारखी सांभाळावी लागते", "हा रंग घातला की सगळे विचारतात", असं. पंधरा दिवसांनी वही वाचली की आपली आवड आणि आपला वापर यांतला फरक दिसतो. मला वाटायचं की मला झगमगीत आवडतं. वहीत सारखी येत होती ती एकच मोरपंखी सुती कुर्ती आणि बाबांचा जुना पांढरा सदरा.

या वहीतून तीन गोष्टी ठरवा: तुमचे तीन-चार रंग, अंगाला बरा वाटणारा आकार, आणि तुमच्याकडे खरोखर नसलेली वस्तू. बाजारात ही यादी सोबत हवी. जुन्या कपड्यांचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे स्वस्ताई. पन्नास रुपयांना मिळतंय म्हणून घेतलेले आठ टॉप म्हणजे चारशे रुपये आणि भरलेलं कपाट, घालायला काही नाही ते नाहीच.

२. मापं आणि सोबतचं सामान

ढिगाच्या बाजारात घालून बघायची सोय नसते आणि लेबलवरचा आकडा कामाचा नसतो. एकाच्या 'एल'मध्ये दुसऱ्याचा 'एस' बसतो. म्हणून आपल्याला उत्तम बसणारा एक कुर्ता आणि एक पँट जमिनीवर पसरून मोजा आणि आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा: खांदा, छाती, कंबर, बाहीची लांबी, काखेचा घेर, पूर्ण उंची. कपडा कपड्याशी ताडून बघायचा, अंगाशी नाही.

पिशवीत एवढं असू द्या:
- इंची टेप
- चार-पाच सेफ्टी पिना
- पाण्याची छोटी बाटली (पिण्यासाठी आणि थेंबाच्या परीक्षेसाठीही)
- सुटे पैसे, विशेषतः दहा-वीसच्या नोटा
- कापडी पिशवी
- आणि पिशवीत नाही, पण घरी ठेवायला: सुई-दोरा, टाके उसवायची उसवणी, काडेपेटी आणि चिमटा

अंगात पातळ कुर्ती आणि लेगिंग्ज घालून जा. म्हणजे वरूनच शर्ट, जॅकेट चढवून बघता येतं.

३. कुठं शोधायचं

घरची ट्रंक. सगळ्यात चांगलं कापड तिथंच असतं आणि ते फुकट मिळतं. आजीचं लुगडं, आईची लग्नातली साडी, काकांचा सफारी, वडिलांची कॉलेजमधली शर्टं. मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. ट्रंक उघडताना घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असू द्या. प्रत्येक घडीमागे काहीतरी निघतं, आणि कुठलं कापायचं नाही हेही तिथंच कळतं. फैजपूरच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी पणजोबांचं खादीचं उपरणं आहे. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा ते त्यांच्या खांद्यावर होतं असं घरात सांगतात. मैत्रीण ते हिवाळ्यात गळ्याभोवती घेते, पण त्याला कात्री लागलेली नाही आणि लागणारही नाही.

सुरतेचे नातेवाईक. खान्देशात क्वचितच एखादं घर असेल ज्याचं कुणी सुरत-उधन्याला नाही. सुरत-भुसावळ गाडीनं दिवाळीला माणसं येतात ती कटपीस आणि साड्यांच्या पिशव्या घेऊनच. त्यात वापरलेलं काही नसतं, पण विणीत दोष असलेला, छपाई सरकलेला, तुकड्यात उरलेला माल स्वस्तात मिळतो. एक लक्षात ठेवा, सुरतेचा बहुतेक माल कृत्रिम धाग्याचा असतो. तो कुठं चालतो आणि कुठं नाही, ते पुढं सांगते.

आठवडे बाजार. भुसावळ, धुळे, नंदुरबार किंवा तुमच्या तालुक्याचा. भाजीच्या रांगा संपल्या की कडेला ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग असतात. सकाळी लवकर गेलात तर निवड मिळते, दिवे लागणीला गेलात तर भाव मिळतो. मी सकाळी जाते. उन्हात कापड खरं दिसतं.

एक्स्पोर्ट सरप्लसची, म्हणजे परदेशी पाठवायला शिवून उरलेल्या मालाची दुकानं. धुळ्यात पाचकंदीलला आणि जळगावात फुले मार्केटच्या आसपास हिंडून बघा. 'एक्स्पोर्टचा माल' अशी पाटी असणारं सगळंच एक्स्पोर्टचं नसतं. आतली शिलाई उलटून बघा. टाके बारीक आणि सारखे, कडा ओव्हरलॉक केलेल्या, आत जादा बटण टाचलेलं, धुण्याच्या सूचनांची पट्टी शिवणीत घट्ट बसवलेली असेल तर माल बरा. पट्टी नुसती वरून चिकटवलेली असेल तर पुढं चला.

बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई हा आपल्याकडचा जुना व्यवहार, पण तिच्या गाठोड्यात काय आहे हे आपण कधी बघत नाही. आमच्या गल्लीत येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, "हाई कितलाले शे?" त्या दचकल्या. त्यांच्याकडून कुणी विकत घेत नव्हतं, सगळे फक्त देत होते. त्या दिवशी मला गर्द जांभळं सुती पातळ दीडशे रुपयांना मिळालं. आता त्या आल्या की गाठोडं ओट्यावर सोडतात, मी चहा ठेवते आणि मग बघाबघी होते. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करत नाही. डोक्यावर भांडी आणि काखोटीला गाठोडं घेऊन ती बाई उन्हात फिरत असते.

ऑनलाइन. इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी अनेक खाती आहेत आणि काही फार मनापासून चालवलेली आहेत. पण मी एकदा फसले. लिननचा शर्ट म्हणून साडेसहाशे रुपये आगाऊ पाठवले, आला तो पॉलिस्टरचा, पाठीवर तेलाचा डाग घेऊन. विचारलं तर समोरच्यानं मला ब्लॉक केलं. तेव्हापासून नियम असे: इंचात मापं मागायची, दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ मागायचा, काखेचा आणि कॉलरचा वेगळा फोटो मागायचा, डाग-छिद्रं लेखी विचारायची. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. पैसे बुडालेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, लगेच फोन करा. रक्कम छोटी आहे म्हणून गप्प बसू नका.

४. कापड ओळखायला शिका

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. रंग आणि नक्षी कुणालाही दिसते, धागा ओळखता आला की तुम्ही बाजाराच्या मालकीण होता.

कारण सरळ आहे, आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो. पॉलिस्टर घाम शोषत नाही, तो अंगावरच राहतो आणि कपडा चिकटतो. सुती कापड घाम शोषून घेतं आणि वाऱ्याला वाळतं. म्हणून सुरतेची ती सुंदर फुलाफुलांची साडी मी कुर्त्याला वापरत नाही. तिची ओढणी करते, नाहीतर हिवाळ्यात घालायचं वरचं मोकळं जॅकेट.

हातानं: कापड मुठीत घट्ट दाबून दहापर्यंत मोजा आणि सोडा. सुती आणि लिनन चुरगळतं, घड्या तशाच राहतात. पॉलिस्टर उसळी मारून सरळ होतं. नवं सुती कापड कडक लागलं तर ते खळीमुळंही असेल. दोन बोटांत चोळा, पांढरी भुकटी सुटली तर ती खळ. ती धुण्यात जाणार आणि खालचं कापड विरळ निघणार. जुन्या कपड्याचा हाच मोठा फायदा आहे. त्याची खळ केव्हाच गेलेली असते. हाताला जे लागतं ते खरं कापड.

पाण्यानं: आतल्या बाजूला एक थेंब टाका. धुतलेलं सुती तो लगेच पितं. कृत्रिम धाग्यावर तो काही क्षण तसाच चमकत राहतो.

ज्योतीनं: ही परीक्षा फक्त घरी, आणि फक्त शिवणीच्या आतून काढलेल्या दोन-तीन धाग्यांवर. धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची परात ठेवा, काडी जवळ न्या. कापूस भुरकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. लिनन आणि व्हिस्कोसही साधारण असेच जळतात. रेशीम हळू जळतं, ज्योत काढली की विझायला लागतं आणि केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि शेवटी काळा टणक मणी उरतो. तो गरम मणी बोटाला चिकटला तर चांगलाच भाजतो, म्हणून चिमटा सोडू नका. राखही आणि मणीही उरला तर धागा मिसळीचा आहे.

उजेडानं: आजोबांची परीक्षा. कापड सूर्यासमोर धरा. विण सगळीकडे सारखी दिसते की मध्येच जाळी पडली आहे? जुन्या साड्यांत घडीच्या रेषेवर नीट बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथंच विरतं. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून घडीवर हलकासा ताण द्या. बारीक 'चर्र' आवाज आला की ते कापड कुर्त्याचा ताण सोसणार नाही. चौकट, पडदा, पोतडी काहीही करा, अंगात घालायचं करू नका.

जरीबद्दल एक इशारा. 'जुन्या जरीच्या साड्या घेणार' म्हणत गल्लीतून फिरणारे येतात. खऱ्या जरीत चांदीची तार असते आणि ते साडी घेतात ती त्या चांदीसाठी. आजीचा शालू त्यांच्या काट्यावर ठेवायच्या आधी माहितगार सोनाराला काठ दाखवा. आणि पैशाची अगदीच नड नसेल तर देऊच नका.

५. घ्यायच्या आधी काय तपासायचं

क्रम ठरवून घ्या म्हणजे विसरत नाही: काखा, कॉलर, मांड्यांच्या मधला भाग, गुडघे, मग चेन, काजं, बटणं. काखेतला पिवळा कडक डाग बहुतेक जात नाही. सुटलेली शिवण, तुटलेलं बटण, बिघडलेली चेन हे दोष नाहीत, भाव कमी करायची कारणं आहेत. कापड फाटलेलं असेल तर ते कुठं, हे महत्त्वाचं. शिवणीजवळ असेल तर झाकता येतं, छातीवर मधोमध असेल तर सोडा. शिवणींच्या आत आणि खिशांच्या कोपऱ्यांत ढेकूण किंवा त्यांचे काळे ठिपके आहेत का तेही बघा. असतील तर कपडा कितीही देखणा असो, घरात आणू नका.

६. घरी आणल्यावर

पिशवी अंथरुणावर किंवा कपाटात ठेवायची नाही, थेट मोरीत. रंग जातो का हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा चोळून बघा. पक्क्या रंगाचं सुती गरम पाण्यात धुवा, बाकीचं गार पाण्यात, पहिल्यांदा प्रत्येक कपडा वेगळा. डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर तीन-चार दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. लोखंडी गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा. रेशीम कडक उन्हात घालू नका.

७. शिंप्याकडे जाताना

इथं मी सगळ्यात जास्त शिकले, आणि त्याची किंमत आईच्या इरकली साडीनं मोजली. लाल पदराची, काळपट हिरव्या अंगाची इरकली. मी एका शिंप्याकडे ती दिली आणि म्हटलं, "याचा कुर्ता शिवा." एवढंच म्हटलं. आठ दिवसांनी कुर्ता आला तेव्हा पदराचा तो लाल पट्टा आडवा कापून आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, अस्तराला लावलेला होता. शिंप्याच्या हिशेबानं त्यानं कापड वाचवलं होतं. आई काही बोलली नाही. तिनं तो कुर्ता उलटा केला, लाल पट्ट्यावरून हात फिरवला आणि पुन्हा सरळ करून मला दिला.

तेव्हापासून मी असं करते:

कागदावर चित्र काढून नेते. चित्र वाईट असलं तरी चालतं. काठ कुठं, पदर कुठं, हे रंगीत पेनानं दाखवते.

ज्या भागाला कात्री लावायची नाही तिथं आडव्या सेफ्टी पिना लावते आणि तसं तोंडी दोनदा सांगते.

मापाला आपल्याला बसणारा एक कपडा सोबत देते.

शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती ठेवणार हे विचारते. निदान एक इंच मागते, म्हणजे पुढं अंग सुटलं तर कपडा सैल करता येतो.

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत अवघड काम देत नाही. त्या दिवसांत त्यांच्या हातात वेळ नसतो.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही, हेही ठाऊक हवं. कंबर आणि बाजू आत घेता येतात, बाही आखूड होते, पँटची लांबी कमी होते. खांदा मोठा असेल तर काम वाढतं, कारण बाही पूर्ण उसवावी लागते. लहान कपडा मोठा करायचा तर आत दाब असावा लागतो. खालची दुमड सोडून उंची वाढवली तर जुनी रेघ आणि आतला न उडालेला रंग दिसतो. तिथं पट्टी किंवा लेस लावायची तयारी ठेवा.

नऊवारीचा हिशेब सांगते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. साधा गुडघ्याखालचा कुर्ता अडीच मीटरमध्ये होतो, ओढणीला सव्वादोन धरा. म्हणजे एका लुगड्यात कुर्ता, ओढणी आणि मोकळी पँटसुद्धा बसते. अट एकच, कापड सगळीकडे सारखं टिकलेलं नसतं. कासोट्याला जाणारा भाग आणि डोक्यावर राहिलेला पदर आधी विरतो, आत खोचला गेलेला भाग टिकतो. आधी लुगडं पूर्ण पसरा, उजेडात बघा, कमकुवत जागा खडूनं आखा आणि मगच कुर्त्याचे तुकडे मांडा. तुम्ही हे केलं नाही तर तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

८. घालायला लागा

सुरुवातीला एका वेळी एकच जुनी वस्तू. आजीच्या लुगड्याचा कुर्ता आणि साधी जीन्स. वडिलांचा सदरा, बाह्या दोनदा दुमडून, खाली सुती परकर किंवा घेराचा स्कर्ट. कॉलेजला, बँकेत, शाळेत सगळीकडे चालतं.

रंग शिकायचा तर डोळे उघडे ठेवून फिरा. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तिथं पावरा आदिवासी मुलींचे घोळके एकाच रंगाच्या कपड्यांत येतात आणि लांबून एकच रंग चालत आल्यासारखा दिसतो. एका रंगाला धरून राहायचं मी तिथून शिकले. त्यांची चांदी आणि त्यांचा साज मात्र त्यांचाच, तो आपण हौसेपायी वेशभूषा म्हणून अंगावर चढवू नये.

घरून दोन प्रश्न येणारच. पहिला: "लोकांचे उतरलेले कपडे का घालतेस?" दुसरा हलक्या आवाजात येतो: "गेलेल्या माणसाचे असतील तर?" दोन्हींवर वाद घालू नका. ज्यांना ओळखत नाही त्यांच्या कपड्यांबद्दल घरच्यांचं मन धजत नसेल तर त्याचा मान ठेवा. घरच्या ट्रंकेवर, सरप्लसवर आणि कटपिसांवर वर्ष सहज निघतं. आमच्याकडे आईचा विरोध मी एका शब्दानंही मोडला नाही. तिला बाजारात सोबत नेलं. दुसऱ्या खेपेला तीच ढिगात हात घालून "हे बघ, हे खरं सुती आहे" म्हणाली.

९. उरलेलं कापड ठेवा

काठ, पदराचे तुकडे, बाहीचं उरलेलं, सगळं एका पिशवीत. मोठे तुकडे गोधडीला, काठ ब्लाउजच्या बाहीला किंवा पिशवीच्या बंदाला.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आजीच्या लुगड्याचा कुर्ता घालून झोक्याजवळ उभी होते. आत्या माहेरी आली होती. ती लांबूनच थांबली, जवळ आली आणि काठ बोटांत धरून म्हणाली, "हाई ते मन्ही मायनं लुगडं शे ना वं!" मग तिनं विचारलं, काही उरलं आहे का. उरलं होतं, हातभर काठ. दुपारी ओसरीवर बसून मी तो तिच्या पिशवीच्या तोंडाशी शिवून दिला. ती संध्याकाळच्या एसटीनं धरणगावला गेली तेव्हा ती पिशवी तिनं मांडीवर ठेवली होती.